तीस ग्रॅमनी काय होतंय!

तीस ग्रॅम म्हणजे नऊ ग्रॅमवाले तीन सर्व्हो, मॉडेल विमानाचे कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटरी, आणि वर थोडी वायर. दीड किलोच्या विमानात ते शोधूनही सापडणार नाहीत. हे मला माहितीये, आणि टेबलासमोर उभ्या असलेल्या त्या पोरालाही माहीत होतं, म्हणून तर तो इतक्या सहज म्हणाला, "सर, तीस ग्रॅमनी काय होतंय!"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याबाहेरचं एक कॉलेज, त्यांचं ग्राउंड, इंटर-कॉलेज आरसी प्लेनची, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांची स्पर्धा, आणि मी टेक इन्स्पेक्शनच्या, म्हणजे उडायच्या आधी विमानं तपासायच्या टेबलावर. मी म्हणजे कोणी अधिकारी वगैरे नाही, विमानं बांधतो, उडवतो, मोडतो, आणि वर्षातनं दोन-तीनदा अशा ठिकाणी फुकट राबायला जातो, बदल्यात एक टोपी, सकाळी पोहे आणि दुपारी जेवणाचं पाकीट. नियम साधा होता, बॅटरीसकट उडायच्या तयारीतलं वजन १५०० ग्रॅमच्या आत. काट्यावर आकडा आला १५३०. मी म्हटलं बाबा काहीतरी काढ यातलं. तो गेला आणि पाच मिनिटांनी त्यांच्या सरांना घेऊन आला, सर गेले आणि सीडीला घेऊन आले, सीडी म्हणजे कॉन्टेस्ट डायरेक्टर, माझ्या जुन्या ओळखीचा माणूस, त्याने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे जाऊ दे ना, लांबून आलीयेत पोरं." मी पास झाल्याचा स्टिकर लावला.

ती टीम दुसरी आली, ४१२ पॉइंट. तिसरीला ४०५. ही तिसरी टीम माझ्या लक्षात राहायचं कारण म्हणजे सकाळी साडेसातला त्यांच्यातली एक मुलगी माझ्याकडे कटर मागायला आली होती. त्यांचं विमान बावीस ग्रॅम जास्त भरत होतं. त्यांनी कुणाशी घासाघीस केली नाही, सरांना बोलावलं नाही, सरळ चाकं आणि लँडिंग गिअर कापून टाकलं, हातातून लाँच करायचं ठरवलं, पोटावर उतरवलं, आणि दुसऱ्या राउंडला उतरतानाच प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, तुटला. रात्रभर एसटीत बसून आली होती ती पोरं, विमानाचा खोका मांडीवर घेऊन. ती काय शेजारच्या गल्लीतनं आली होती?

त्या १५३० वाल्या पोराचा मला राग नाही, त्याने मागितलं आणि त्याला मिळालं. सीडीचाही फारसा नाही. राग आहे तो माझ्या हातातल्या स्टिकरचा, आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय की फुकट काम करणाऱ्या लोकांनी चालवलेल्या स्पर्धेत नियम पाळायला लावायचे म्हणजे नक्की कसं. कारण "कडक व्हा" असं म्हणून काही होत नाही. कडक व्हायला सगळ्यांनाच आवडतं, संध्याकाळी चहा पिताना. सकाळी टेबलावर कोणी होत नाही.

लोक पहिली गोष्ट काय म्हणतात तर अहो छंद आहे हा, ऑलिम्पिक आहे का. मला हे आर्ग्युमेंट नेहमी उलटं वाटत आलंय. पैशाच्या खेळात निकाल गंडला तरी बाकी बरंच काही हाताला लागतं, मानधन, स्पॉन्सर, टीव्हीवर चेहरा. आपल्याकडे काय आहे? एक सर्टिफिकेट, ज्यावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं, आणि एक कप जो आईला कुठे ठेवायचा कळत नाही. सेमिस्टरचे चार महिने, दहा-बारा हजारांचं बाल्साचं हलकं लाकूड, मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, लायपो बॅटरी, रात्री दोनपर्यंत घासलेल्या पंखाच्या रिब्ज, या सगळ्याच्या बदल्यात हातात पडतो फक्त तो एक आकडा. तोच खोटा निघाला तर मग आपण तिथे जमलो कशाला, घरी बसून सिम्युलेटर बरा.

आणि तीस ग्रॅमबद्दल. एरोमॉडेलिंगमध्ये एक प्रकार आहे, एफ१बी, जुने लोक त्याला वेकफिल्ड म्हणतात कारण १९२८ पासून लॉर्ड वेकफिल्डच्या कपसाठी ही स्पर्धा व्हायची. रबराच्या पिळावर उडणारं विमान, रिमोट नाही, एकदा सोडलं की सोडलं. यात रबरविरहित विमान कमीत कमी २०० ग्रॅम पाहिजे आणि रबर, त्यावरच्या तेलासकट, जास्तीत जास्त ३० ग्रॅम. म्हणजे तिथे तीस ग्रॅम हे अख्खं इंजिन आहे! शेकडो पीळ भरलेल्या तेवढ्याशा रबरावर ते विमान तीन-तीन मिनिटं वर राहतं. आधी रबराला मर्यादाच नव्हती, मग ती आली आणि आकडा खाली खाली येत गेला, ४० झाला, ३५ झाला, मग ३०, कारण लोक इतके हुशार की दर वेळी तेवढ्यात पण फुल टायमिंग काढायला लागले आणि बरोबरी सोडवायचे फ्लायऑफ संपेचनात. पण हा नियम टिकला का, तर तो दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर अर्ध्या मिनिटात तपासता येतो म्हणून. रबर काट्यावर ठेवा, आकडा वाचा, संपलं. कोणाच्या सरांना बोलावण्यासारखं त्यात काही नाही.

एफएआयच्या, म्हणजे १९०५ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या नियमपुस्तकात असे नियम बघत बसायला मला फार आवडतं, बायको म्हणते लोक कादंबऱ्या वाचतात. एफ१ए म्हणजे दोरीने पतंगासारखं वर चढवायचं ग्लायडर, त्याची दोरी ५० मीटर, पण ताणली की कुठलीही दोरी लांबते, मग नियमात लिहिलंय की ५ किलोच्या ताणाखाली ५० मीटर. जमिनीत दोन खुंट्या आणि एक स्प्रिंगचा काटा, झालं. एफ३के म्हणजे हाताने गरगर फिरून फेकायचं छोटं ग्लायडर, पंख दीड मीटरच्या आत, वजन ६०० ग्रॅमच्या आत, आणि नाकाची गोलाई कमीत कमी ५ मिलिमीटर त्रिज्येची, म्हणजे कोणाला लागलं तर भोसकायला नको. त्यासाठी पत्र्यात कापलेला एक गेज पुरतो. हे नियम ज्यांनी लिहिले त्यांनी मैदानावर उन्हात उभं राहून लिहिलेत असं वाटतं.

आपल्याकडच्या स्पर्धांची नियमपत्रकं मात्र बहुतेक वेळा रात्री हॉस्टेलवर बसून लिहिलेली असतात, तीन-चार परदेशी पीडीएफमधनं कॉपी-पेस्ट. एका पत्रकात मी वाचलं होतं की मोटरची कमाल पॉवर अमुक वॅटपेक्षा जास्त नसावी. छान. मोजायची कशी? वॅटमीटर एकाकडेही नव्हता, ना ऑर्गनायझरकडे ना टीमकडे. मग मोटरवरचं लेबल वाचायचं ठरलं, आणि चायनीज मोटरवरचं लेबल म्हणजे काय ते तुम्हाला माहिती असेलच. अजून एका ठिकाणी "विमानाची रचना मूळ असावी." बोला आता.

तर माझं पहिलं म्हणणं हे की जो नियम तुमच्या टेबलावर दोन मिनिटांत तपासता येत नाही तो पत्रकात लिहूच नका. तो फक्त सरळ माणसाला भरावा लागणारा टॅक्स होतो. सरळ मुलगा वाचतो, छोटी मोटर विकत घेतो, आणि वाकडा मुलगा लेबल खरवडतो.

पण काही गोष्टी तपासता येत नसल्या तरी महत्त्वाच्या असतात, त्यांचं काय? त्यावर कंट्रोल लाइनवाल्यांनी काढलेली युक्ती मला सगळ्यात भारी वाटते. एफ२ए म्हणजे तारेला बांधून गोल फिरणारं स्पीडचं विमान, २.५ सीसीचं इंजिन आणि स्पीड ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास, हो, बरोबर वाचलंत, सुमारे पावणेअठरा मीटरच्या वर्तुळात. एके काळी इंधनात कोण काय मिसळतंय याचा पत्ता नसायचा, नायट्रोमिथेन आणि अजून काय काय, आणि मैदानावर काही केमिस्ट्रीची लॅब नसते. मग त्यांनी काय केलं, इंधन तपासायचं सोडूनच दिलं. ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल, एवढंच, आणि ते ऑर्गनायझरच देणार, सगळ्यांना एकाच डब्यातलं. विषय कट. एसएई एरो डिझाइनमध्ये पण तेच, आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना ती स्पर्धा चांगली माहितीये, तिथे रेग्युलर क्लासला पॉवर लिमिटर नावाचा एक डबाच बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये बसवायला लावतात, सगळ्यांना सारखा, आधी १००० वॅटचा होता मग ७५०, मग मोटरवर लेबल काही का असेना. तपासणीपेक्षा वाटप सोपं हे आपल्या रेशन दुकानाला जमलेलं नाही पण विमानवाल्यांना जमलंय. छोट्या स्पर्धेत लिमिटर परवडत नसेल तर सगळ्यांना एकाच साइझचे प्रॉप वाटा, दोन-अडीचशे रुपयांचा असतो एक, एन्ट्री फीमध्ये धरा. किंवा बॅटरीच तुमच्या, चार्ज करून रांगेत ठेवलेल्या, चिठ्ठी काढून उचलायच्या. याला मेहनत लागते हे मान्य, कोणीतरी चार्जरपाशी दिवसभर बसणार, पण तो माणूस कोणाशी भांडत तरी नसेल.

आता दुसरं म्हणणं, आणि हे जास्त महत्त्वाचं. त्या दिवशी माझ्या हातात दोनच पर्याय होते, स्टिकर लावायचा किंवा टीम बाद करायची. पत्रकात तसंच होतं, "नियमभंग झाल्यास संघ बाद ठरविण्यात येईल." तीस ग्रॅमसाठी पाच पोरांचे चार महिने पाण्यात घालायला माझं मन झालं नाही, सीडीचं झालं नाही, आणि खरं सांगू का, तुमचंही झालं नसतं. शिक्षा इतकी मोठी ठेवली की ती कोणी देतच नाही, आणि मग पत्रकात फाशी आणि मैदानावर माफी असा कारभार चालतो. तो माफीचा खर्च कुठेतरी निघतोच, तो त्या कटर मागणाऱ्या मुलीकडनं निघाला.

याच्या उलट एफ५जे बघा. इलेक्ट्रिक मोटरवाली ग्लायडरं, पंख चार मीटरपर्यंत. मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवून वर जायचं, बंद करायची, आणि मग थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, शोधत दहा मिनिटांचा वेळ भरून काढून ठरलेल्या जागी उतरायचं. जितकं वर जाऊन मोटर बंद कराल तितकं सोपं, मग मर्यादा किती ठेवायची? ज्याला आपल्याकडची सवय आहे तो म्हणेल, २०० मीटर, त्याच्या वर गेला की बाद. त्यांनी तसं केलं नाही. विमानात एक छोटा अल्टिमीटर बसवायला लावला, मोटर बंद केल्यावर पुढचे दहा सेकंद धरून जी सगळ्यात जास्त उंची येईल ती तो लक्षात ठेवतो, आणि २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा पॉइंट कापायचा, त्याच्यावर गेला की दर मीटरला तीन. बस. २१० मीटरवर गेलेल्या पायलटला कोणी गुन्हेगार म्हणत नाही, तो स्वतःच कपाळाला हात लावतो, १०० अधिक ३०, गेले १३० पॉइंट. टायमिंगला बसलेला व्हॉलंटिअर फक्त आकडा वाचून लिहितो. त्याला कठोर व्हावं लागत नाही, दयाळू पण व्हावं लागत नाही, त्याला फक्त वाचता आलं पाहिजे. उंचीचा नियम मोडण्यावर बंदी नाहीये, किंमत आहे, आणि ती आधीच बोर्डावर लावलीये.

मी म्हणतो वजनाला हेच लावा. १५०० ची मर्यादा, एक टक्का सूट काट्याच्या चुकीसाठी, म्हणजे १५१५ पर्यंत कोणी काही विचारणार नाही. त्याच्या पुढे सुरू झालेल्या दर १० ग्रॅमला त्या राउंडच्या पॉइंटमधनं २ टक्के कापायचे. १६०० च्या वर गेलं तर राउंड धरायचाच नाही. त्या १५३० वाल्यांचं काय झालं असतं? १५१५ च्या वर १५ ग्रॅम, म्हणजे दोन टप्पे, ४ टक्के, वजन तिन्ही राउंडला तेवढंच होतं त्यामुळे ४१२ मधनं साधारण साडेसोळा गेले, उरले ३९५ आणि काही. तिसरे आले असते. रडले नसते, चिडले असते फार तर. ती कटर मागणाऱ्या मुलीची टीम बावीस ग्रॅम जास्त असताना विचार करू शकली असती की चाकं कापायची का २ टक्के सोडायचे, आणि हा विचार करणं म्हणजेच तर इंजिनिअरिंग.

यावर एक मित्र म्हणाला की मग श्रीमंत टीम मुद्दाम दहा ग्रॅम जास्त आणेल आणि किंमत मोजेल. आणू दे की. किंमत जर फायद्यापेक्षा जास्त लावली असेल तर तो तोट्याचा धंदा आहे, आणि कमी लावली असेल तर आमचा हिशोब चुकला, पुढच्या वर्षी वाढवू. पण ती सगळ्यांना सारखीच लागू असेल, ज्याचे सर ओळखीचे आहेत त्याला पण.

एकाच ठिकाणी मी ही किंमतबिमत मानत नाही, सेफ्टी. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबली नाही तर विमान उडणार नाही, टक्का नाही, सूट नाही, कोणाचे सर नाहीत. फेलसेफची तपासणी वीस सेकंदांची आहे, विमान दाबून धरा, थोडा थ्रॉटल द्या, ट्रान्समीटर ऑफ करा. माझ्या समोर एकदा एका पोराने हे केलं आणि मोटर थांबायच्या ऐवजी फुल गेली, ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जमवताना, म्हणजे बाइंड करताना, त्याची थ्रॉटलची काडी वर राहिली होती, टेबलावरची सगळी कागदं उडाली आणि माझ्या मनगटाला प्रॉपची एक खूण अजून आहे. विमान हातात होतं म्हणून मनगटावर भागलं. कंट्रोल लाइनला उडायच्या आधी तारांची पुल टेस्ट असते, विमानाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढून बघतात, कारण तार तुटली की ते विमान प्रेक्षकांच्या दिशेने स्पर्शरेषेत जातं आणि तेव्हा नियमावली वाचायला वेळ नसतो. एसएईवाले बाहेरनं दिसेल असा लाल आर्मिंग प्लग मागतात, तो काढला की मोटरला करंटच नाही, मेटलचे प्रॉप बंद. हे सगळं असंच पाहिजे. सरकारने २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेलवाल्यांना बरीच मोकळीक दिलीय, २५ किलोपर्यंतचं, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं विमान असेल तर टाइप सर्टिफिकेटच्या, म्हणजे डिझाइनच्या सरकारी मंजुरीच्या, भानगडीत पडावं लागत नाही. कुठे उडवता येतं त्याचा झोनचा नकाशा मात्र बघावाच लागतो. ही मोकळीक एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोणाचा डोळा जाईपर्यंतच टिकेल, मग बघा काय काय फॉर्म येतात ते.

जायरोबद्दल, म्हणजे विमान आपोआप सरळ ठेवणाऱ्या यंत्राबद्दल, मात्र मला अजून नीट ठरवता आलेलं नाही, दोनदा मत बदललंय. बऱ्याच क्लासमध्ये जायरो बंद आहे, एफ३ए या हवाई कसरतींच्या क्लासमध्ये बंद, कारण विमान सरळ ठेवणं हेच तर पायलटचं कसब. तसंच थर्मल ग्लायडरमध्ये व्हेरिओची टेलिमेट्री बंद, विमान वर जातंय का खाली हे ट्रान्समीटरने कानात सांगायचं नाही, डोळ्याने बघायचं. पण आजकाल रिसीव्हरच्या आतच जायरो येतो, काडेपेटीएवढ्या डबीत, एका स्विचवर चालू एका स्विचवर बंद, आणि टेलिमेट्री तर डब्यातनं काढल्यापासूनच चालू असते. मी टेबलावर बसून तीस ट्रान्समीटरचे मेनू उघडून बघू? निम्म्यांची भाषा चायनीज असते. मोठ्या पातळीवर हे चालतं कारण तिथे शंभर-दीडशे लोक एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात आणि खोटारडा ठरलेल्या माणसाला परत तोंड दाखवायला जागा नसते. कॉलेजच्या स्पर्धेत पोरगं दोन वर्षांनी पास होऊन निघून जातं. माझं आत्ताचं मत असं की आपल्या पातळीवर जायरो सगळ्यांना मोकळा करून टाकावा, आणि ज्याला बिनजायरोचं उडवायचंय त्याच्यासाठी वेगळा छोटा गट ठेवावा जिथे दहाच लोक येतील पण हौसेने येतील. वाऱ्यात उभं राहून बोटांनी विमान सांभाळायला शिकलेल्या माणसाला हे बोलताना त्रास होतो. पण चोरून चालण्यापेक्षा उघड चाललेलं बरं.

आणि तयार विमानं. "विमान स्वतः बांधलेलं असावं" हा नियम जगभर भांडणाचं मूळ आहे, अमेरिकेत कंट्रोल लाइन स्टंटवाले यावरून कित्येक वर्षं वाद घालतायत, तिथे विमानाच्या दिसण्याला वेगळे वीसपर्यंत पॉइंट असतात त्यामुळे कोणी बांधलं याला अर्थ आहे. स्केलच्या, म्हणजे खऱ्या विमानांच्या हुबेहूब प्रतिकृतींच्या, एफ४सी क्लासमध्ये तर लेखी डिक्लेरेशन देतात की मीच बांधलंय. आमच्याकडे डिक्लेरेशन सगळेच देतात, एचओडीच्या सहीशिक्क्यासकट, आणि विमान आलेलं असतं कुठल्यातरी हॉबी शॉपमधनं, वर कॉलेजचा लोगो चिकटवून. आता माझ्याच नियमाने बघायला गेलं तर हे काट्यावर मोजता येत नाही म्हणून काढून टाकायला पाहिजे. पण इथे मी अडतो, कारण विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतनं बांधणं काढलं तर उरतं काय. मी काय करतो सांगतो, मी विचारतो. सीजी, म्हणजे विमानाचा तोल, कुठेय दाखव. पंखातला हा स्पार इथेच का दिला? एलेव्हेटरचा हॉर्न काढून परत लाव बघू. ज्याने बांधलंय तो विचारायच्या आधी बोलायला लागतो, थांबवावं लागतं, कुठल्या रात्री कुठला जॉइंट सुटला ते पण सांगतो. ज्याने नाही बांधलं तो टीममधल्या दुसऱ्याकडे बघतो. याला पॉइंट द्या, वायव्हाचे द्या, शंभरातले वीस, आणि बाद वगैरे करू नका. न बांधणाऱ्याचे वीस आपोआप जातात. म्हणजे परत किंमतच झाली ती.

आता टेबलावर बसणाऱ्याबद्दल बोलायला पाहिजे, कारण सगळं येऊन थांबतं त्याच्यापाशी. एका शहरात हा छंद करणारे असून असून किती, पन्नास-साठ जण, सगळे एकमेकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आज मी तुझं विमान तपासतो, पुढच्या महिन्यात तू माझं. एअरफोर्समधनं रिटायर झालेले एखादे काका, एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलेले कोणी, दोन माजी विद्यार्थी, आणि हमखास एक हॉबी शॉपवाला, ज्याने निम्म्या टीमना मोटर विकलेल्या असतात आणि तोच तपासायला बसतो. वाईट माणूस नसतो तो, पण स्वतःच्या गिऱ्हाइकाला "तुझं वजन जास्त आहे" म्हणणं त्याच्या जिवावर येणारच. अशांना ऑफिशिअल कामात घेऊ नका असं म्हणायची सोय नाही, मग माणसंच उरणार नाहीत. त्याला टाइमकीपिंग द्या, काटा देऊ नका. आणि जो काट्यावर बसेल त्याच्याशी कोणीच वाद घालायचा नाही हे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये माइकवर सांगा. वाद असेल तर लेखी, सीडीकडे, शंभर रुपये डिपॉझिट, म्हणणं बरोबर निघालं तर परत. एफएआयच्या स्पर्धांत प्रोटेस्टला फी असतेच, ती ऐकली की निम्मे वाद जागच्या जागी विरतात. व्हॉलंटिअरला शिव्या पडल्या की पुढच्या वर्षी तो येत नाही एवढंच लक्षात ठेवा, आणि त्याच्या जागी दुसरा पण येत नाही.

काट्याचं पण सांगून टाकतो, कारण इथे आपण फार ढिसाळ असतो. किचनचा काटा मैदानावर वाऱ्यात वीस-वीस ग्रॅम नाचतो, पंख म्हणजे शिडच की हो ते, चारी बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा करा किंवा सरळ एखाद्या वर्गात ठेवा. जवळच्या किराणावाल्याकडनं एक किलो आणि अर्धा किलोचं वजनमापवाल्यांचा शिक्का असलेलं वजन दिवसभरासाठी मागून आणा, देतात, मी दर वेळी आणतो, आणि तासातासाने काट्यावर ठेवून सगळ्यांदेखत दाखवा. आदल्या संध्याकाळपासून काटा उघड्यावर ठेवा, ज्याला पाहिजे त्याने येऊन वजन करून जावं. कोकणातनं पावसाळ्यात आणलेला बाल्सा ओल धरतो, घरी १४९० भरलेलं विमान इथे १५०५ भरू शकतं, त्याला ते आदल्या दिवशी कळलं तर सकाळी रडारड नाही. आणि बॅटरीवर पण स्टिकर लावा. हे मला एका टीमनेच शिकवलं, इन्स्पेक्शनला छोटी बॅटरी दाखवून उडवताना मोठी टाकली होती त्यांनी, उतरल्यावर सहज विमान उचललं तर हाताला जड लागलं. तेव्हापासून पहिल्या तिघांची विमानं उतरल्या उतरल्या परत काट्यावर. मधल्या राउंडला पण कोणाची तरी, चिठ्ठी काढून.

यंदाच्या जानेवारीच्या स्पर्धेचं पत्रक मी लिहिलंय. आधी सात पानं होती, आता दोन झालीत. दर १० ग्रॅमला २ टक्के हे ठळक अक्षरात टाकलंय आणि "बाद" हा शब्द फक्त सेफ्टीच्या परिच्छेदात ठेवलाय. सीडी तोच आहे, त्याने वाचलं आणि म्हणाला, बरं झालं, आता माझ्याकडे कोणी येणार नाही. पत्रक गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिला फोन आला. सर, बॅटरीचा वेल्क्रो वजनात धरणार का?

धरणार.